कार्बन प्रतीतला डाव

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सभागृहात रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेची चौथी फेरी संपत आली आहे. खिडकीजवळच्या पटावर बारा वर्षांचा मुलगा पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळतो आहे. त्याचा राजा डी-६ घरात (अक्षर उभ्या ओळीचे, आकडा आडव्या रांगेचा) आहे, उरलेले एकमेव प्यादे ई-५ वर आहे आणि समोर ई-८ वर काळा राजा एकटाच उभा आहे. राजा ई-६ वर नेला, तर डाव हमखास जिंकता येतो. मुलाने मात्र प्यादे पुढे सरकवले. काळा राजा डी-८ वर आला. प्यादे शह देत सातव्या रांगेत गेले, काळा राजा पुन्हा ई-८ वर त्याच्यासमोर आला, आणि प्यादे वाचवण्यासाठी पांढरा राजा ई-६ वर येताच काळ्याला खेळायला एकही चाल उरली नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी, झाली आणि अर्धा गुण हातातून गेला.

सभागृहाबाहेर थांबलेल्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा रेटिंगचाच, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याचाच असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. अठरा वर्षांखालील, 2300 पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूला तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा एक पराभव रेटिंगच्या 20 गुणांना पडतो. तरीही या दिवसाची खरी कमाई मुलाच्या हातातल्या स्कोअरशीटमध्ये, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेल्या कागदात आहे, असे आम्हाला मनापासून वाटते. मूळ कागद पंचांकडे जमा झाला. कार्बनची निळसर प्रत त्याच्याकडे राहिली. जलद डावांत चाली लिहिण्याचे बंधन नसते. म्हणूनच शिकणाऱ्याने वर्षातून काही स्पर्धा तरी क्लासिकल (दीर्घ) वेळेच्या खेळाव्यात, म्हणजे विचार करायला अवधी मिळतो आणि केलेला विचार कागदावर उरतो.

संध्याकाळी इंदिरानगरमधील घरी तो प्रशिक्षकांसमोर पट मांडून बसतो. संगणकाचे इंजिन बंद आहे, आणि ते मुद्दाम बंद ठेवलेले आहे. इंजिन योग्य चाल क्षणात दाखवते. चुकीची चाल खेळताना आपल्या मनात काय होते, हे मात्र फक्त आपल्यालाच सांगता येते. मुलाने चालींशेजारी घड्याळातला वेळही लिहिला होता. त्या चुकीच्या चालीच्या वेळी त्याच्याकडे अकरा मिनिटे शिल्लक होती, आणि त्याने चार सेकंदांत हात उचलला होता. “प्यादे लवकर वजीर व्हावे, एवढेच डोक्यात होते, सर,” तो म्हणतो. प्रशिक्षक ते वाक्य तसेच वहीत लिहायला सांगतात. 1948 मध्ये विश्वविजेते झालेले मिखाईल बॉटविनिकही आपल्या शिष्यांकडून स्वतःच्या डावांचे लेखी विश्लेषण करून घेत, आणि त्या शिष्यांमध्ये पुढे विश्वविजेते झालेले कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह होते.

नाशिकमध्ये वाढलेले ग्रँडमास्टर विदित गुजराथी 2023 च्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलाच डाव हरले होते. अकरा फेऱ्यांच्या त्या स्पर्धेत त्यांनी पुढे साडेआठ गुण मिळवले, विजेतेपद पटकावले आणि 2024 च्या टोरांटोतील कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, स्थान मिळवले. स्विस पद्धतीत साधारणपणे सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात, त्यामुळे एका पराभवाने स्पर्धा संपत नाही. हे गणित या शहरातल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

आता कोड्यांकडे, म्हणजे पटावरची स्थिती पाहून योग्य चाल शोधण्याच्या सरावाकडे वळू. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडूने बरेच मोहरे अचूक मांडले. मोहरे कसेही विखुरलेले असताना मात्र त्याचे हे वर्चस्व जवळपास नाहीसे झाले. कोडी सोडवताना हीच ओळखीच्या रचनांची पुंजी वाढत जाते. मोबाईलवर मिनिटाला दहा कोडी उडवण्याने मात्र अंदाज बांधण्याची सवय लागते, आणि सभागृहात ती महागात पडते, कारण तिथे हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. रोज पाचच कोडी घ्यावीत, शेवटच्या चालीपर्यंत मनात मोजावीत आणि मगच उत्तर पाहावे.

मुलाच्या वहीतले पहिले कोडे त्याच्याच डावातले आहे: डी-६, ई-५, ई-८, पांढऱ्याची चाल. ते त्याने लगेच सोडवले. प्रशिक्षकांनी मग तेच प्यादे पटाच्या कडेला, एच-५ वर ठेवले, पांढरा राजा एच-६ वर आणि काळा राजा एच-८ वर. इथे प्याद्यापुढे राजा असूनही काळ्याला कोपऱ्यातून हुसकता येत नाही आणि डाव बरोबरीतच सुटतो. मुलगा दोन्ही हात मांडीखाली घेऊन पटाकडे पाहत बसला आहे. चौथे मिनिट चालू आहे, आणि त्याने अजून एकाही मोहऱ्याला स्पर्श केलेला नाही.