बाकावरच्या पोराची १२ मिनिटं

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, ‘राखीव गार्डकडून किती आशा ठेवावी’. गार्ड म्हणजे बास्केटबॉलमध्ये बॉल वर आणून खेळ रचणारा. त्याकडे येतोच, पण आधी क्रिकेटच्या आझाद मैदानावरून जाऊ.

१९८८ सालची हॅरिस शील्ड, मुंबईच्या शाळांची क्रिकेट स्पर्धा. तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी या सभागृहात कुणाला सांगायला नको. पुढचा नंबर अमोल मुझुमदारचा होता. पॅड बांधून बसला, दिवस मावळला, दुसरा उजाडला, तरी त्याची पाळी आलीच नाही. पुढे याच मुलाने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, तरी भारताची टोपी मिळाली नाही. मधल्या फळीत जागाच होत नव्हती. बाकावर बसलेल्या पोराबद्दल मुंबईकराला जो जिव्हाळा वाटतो, तो असल्या आठवणींतून आलाय.

बास्केटबॉलमध्ये हे मी जवळून पाहिलंय. आमच्या कॉलेजच्या संघात एक बुटका गार्ड होता, नागपाड्याच्या कोर्टवर मोठ्या माणसांत खेळून तयार झालेला. बचावपटू अंगावर आला की खांदा मध्ये घालायचा, बॉल गुडघ्याखाली ठेवायचा आणि नजर समोर. बॉलकडे बघायचाच नाही! उपांत्य सामन्यात आमचा मुख्य गार्ड पाच फाउल होऊन बाहेर गेला आणि हा आत आला. पहिलाच पास इतक्या लवकर दिला की घेणाऱ्या साथीदाराचे हात तयार नव्हते. बॉल त्याच्या बोटांना लागून बाहेर. प्रशिक्षकांनी याला लगेच परत बसवलं. जेमतेम दीड मिनिट मिळालं त्याला. बाकावर बसून त्याने बुटाची नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. पुढच्या वर्षी तो संघात आलाच नाही. चूक पकडणाऱ्याची होती, त्याची नव्हे. इतकी वर्षं झाली, मला ते अजून सलतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्दा.

अमेरिकेतल्या एनबीए लीगचा सामना ४८ मिनिटांचा. मुख्य गार्ड ३५ च्या आसपास खेळतो, राखीव पोराला १२-१३ उरतात. १२ मिनिटांत ६ गुण झाले की चाहते ३६ मिनिटांचे १८ मांडतात. हा हिशेब कच्चा आहे, कारण ती मिनिटं बहुधा समोरच्या राखीव खेळाडूंविरुद्धची असतात. पण हिशेब कच्चा म्हणून आशा खोटी नाही. टायरीज मॅक्सी २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, २१ वा. जानेवारी २०२१ मध्ये डेन्व्हरविरुद्ध फिलाडेल्फियाकडे सातच खेळाडू उरले, म्हणून सुरुवातीपासून उतरला, ३९ गुण. जेरेमी लिनला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही, नंतर दोन संघांनी सोडलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्ककडून लेकर्सविरुद्ध ३८. जेलन ब्रन्सन ड्राफ्टमध्ये ३३ वा. २०२२ च्या प्लेऑफमध्ये डॅलसचा मुख्य गार्ड डॉन्चिच जखमी होता, तेव्हा यूटाविरुद्ध ४१. हातात सगळं आधीपासून होतं, मिनिटं नव्हती.

म्हणून गुण मोजू नका. समोर मुख्य गार्ड असताना तो बॉल वर कसा आणतो, ते बघा. पिकवर, म्हणजे साथीदार बचावपटूची वाट अडवतो तेव्हा, दोघं अंगावर आले की मोकळा माणूस त्याला दिसतो का? चुकल्यावर पुढचा बॉल मागतो की टाळतो? शॉट सुट्टीच्या महिन्यांत घोटून सुधारतो, ही नजर तशी येत नाही. स्टीव्ह नॅश फिनिक्समध्ये केव्हिन जॉन्सन आणि जेसन किडच्या मागे बसला, डॅलसमध्ये सुरुवातीला प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २००५ आणि २००६ चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, तोच.

मला ज्या पोराबद्दल आशा आहे, त्याचं नाव आज घेत नाही. तुमच्या मनातही एक असणारच. उद्या सकाळी ६ ला मॅच आहे. तो बहुतेक दुसऱ्या क्वार्टरला येतो, आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास. लोकल पकडण्याआधी तेवढं बघून निघा.