बघणाऱ्या मुलांना काय शिकवायचं?

पालकहो, शिक्षकहो,

दादागिरीची तक्रार आली की आपली नजर दोनच मुलांवर जाते. त्रास देणाऱ्याला रागवायचं, सोसणाऱ्याला 'तूही उलट बोलायला शिक' म्हणायचं, दोघांना हात मिळवायला लावायचे, झालं. पण ते मिटत नाही. बरोबरीच्या मुलांच्या भांडणात समेट होतो. दादागिरी हे भांडण नव्हे. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी सत्तरच्या दशकात स्वीडनमध्ये आणि पुढे नॉर्वेत या विषयाचा पाया घातला. त्यांनी सांगितलेल्या खुणा अशा, की त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि सोसणाऱ्याचं बळ कमी पडत असतं. अशा दोघांना समोरासमोर बसवलं, तर कमजोर मूल आपल्यापुढे 'हो, मिटलं' म्हणतं आणि बाहेर गेल्यावर ते त्याला महागात पडतं.

मला आज बोलायचंय ते आजूबाजूला उभ्या असलेल्या मुलांबद्दल. कॅनडात डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या मैदानावर चित्रीकरण केलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दादागिरीच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. ती मध्ये पडली पाचातून एखाद्या वेळी. पण पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. तेवढ्या वेळात शिक्षक मैदान ओलांडूनही पोचत नाहीत!

मधल्या सुट्टीत एकाची बाटली हिसकावली जाते. ती या हातातून त्या हातात फिरते, तो मागे धावतो. चारजण हसतात, बाकीचे डबा खाता खाता बघतात. हसणाऱ्याला वाटतं, मी कुठे काय केलं? पण बाटली पळवणाऱ्याला हवं असतं ते हेच हसू. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी बघणाऱ्यांच्या या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या: साथ देणारे, चेव चढवणारे, लांब राहणारे आणि बाजू घेणारे. मुलं त्रास देणाऱ्याच्या प्रेमात नसतात हो. पुढचा नंबर आपला लागेल, ही भीती त्यांना असते.

त्यामुळे 'धाडस करा' असं सांगून भागत नाही. तोंडात वाक्य द्यावं लागतं. 'बस झालं, दे त्याची बाटली', 'चल रे, आपण खेळायला जाऊ'. ही वाक्यं वर्गात नाटुकली करून, मोठ्यानं, दोघा-तिघांनी मिळून म्हणायला लावायची. एकट्यानं नव्हे. बोलणं जमलं नाही तर न हसणं, नंतर जाऊन शेजारी बसणं, मोठ्यांना सांगणं, हेही चालतं. आणि सांगायला आलेल्या मुलाला 'चुगल्या करू नकोस' म्हणून परत पाठवलंत, तर ते पुन्हा येणार नाही.

एकट्या पडणाऱ्या मुलालाही काही शिकवता येतं, पण त्याच्यात खोट आहे म्हणून नव्हे. खेळात शिरणं हे कौशल्य आहे. 'मला घ्या ना' म्हटलं की 'नाही' म्हणणं सोपं जातं. आधी जवळ उभं राहून बघावं, खेळ समजून घ्यावा, लांब गेलेला चेंडू आणून द्यावा, मग हळूच सामील व्हावं. सहज मिसळणारी मुलं हेच करत असतात.

फिनलंडमधल्या शाळांसाठीच्या 'किवा' या दादागिरीविरोधी कार्यक्रमातली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. तक्रारीनंतर वर्गातली दोन ते चार समंजस, इतरांत वजन असलेली मुलं निवडून शिक्षक त्यांना त्रास सोसणाऱ्या मुलाबद्दल विचारतात, 'त्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही काय कराल?' उत्तर मुलांनीच द्यायचं असतं. काही दिवसांनी शिक्षक पुन्हा विचारतात, काय केलंत, आता कसं आहे? आपल्याकडून राहून जातं ते हे दुसऱ्यांदा विचारणं. तेव्हा पहिल्या बैठकीतच पुढची तारीख वहीत लिहून ठेवा.