पक्ष कुणाचा, हे ठरवायचं कुणी?

नमस्कार श्रोतेहो.

पक्षाच्या नेत्याला पक्षातूनच आव्हान मिळतं तेव्हा काय होतं, याबद्दल आज बोलायचं आहे. मुंबईकराला हा विषय नवा नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. दोन्ही पक्षांचा कारभार याच शहरातून चालायचा. कोण चूक, कोण बरोबर, कुणी कुणाला फसवलं यावर तेव्हा घराघरांत भांडणं झाली. त्या वादात मला कुणाची बाजू घ्यायची नाही. मला बोलायचं आहे ते अशा माणसाबद्दल, ज्याला या सगळ्या उलथापालथीत कुणी धड विचारलंच नाही. तो म्हणजे पक्षाचा साधा सदस्य.

२ मे २०२३ चा दिवस आठवा. नरिमन पॉइंटजवळच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये शरद पवारांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन होतं. बोलता बोलता पवारांनी अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि सभागृहाचा नूरच पालटला. घोषणा सुरू झाल्या, मोठमोठ्या नेत्यांचे डोळे भरून आले, कार्यकर्त्यांनी तिथेच ठिय्या मांडला. ‘निर्णय मागे घ्या’ याशिवाय दुसरं काही ऐकायला कुणी तयार नव्हतं. तीन दिवसांनी पक्षनेत्यांच्या समितीने राजीनामा नामंजूर केला, पवारांनी तो मागे घेतला आणि गुलाल उधळला गेला. पुढे २ जुलैला, म्हणजे दोनच महिन्यांत, अजित पवारांनी राजभवनात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

त्या सभागृहातलं रडणं खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. चाळीस-चाळीस वर्षं एका माणसामागे चाललेली माणसं होती ती. पण त्या दिवशी पक्षासमोर एक खरा प्रश्न आला होता. पुढचा नेता कोण, आणि तो निवडायचा कसा? त्याचं उत्तर मतपेटीतून मिळू शकलं असतं. कुणाला किती पाठिंबा आहे ते सगळ्यांना दिसलं असतं. ते झालं नाही. प्रश्न तसाच झाकून ठेवला गेला आणि जुलैमध्ये तो पक्ष मोडूनच बाहेर आला.

महाराष्ट्राने हे आधीही पाहिलं होतं. १९९२ साली शिवसेनेतल्याच एका जुन्या सहकाऱ्याने ठाकरे कुटुंबीयांच्या पक्षातल्या हस्तक्षेपावर बोट ठेवलं. बाळासाहेबांनी ‘सामना’तून शिवसेनेला अखेरचा जय महाराष्ट्र करत असल्याचं लिहिलं. मातोश्रीवर शिवसैनिकांची रीघ लागली, त्यांनी साहेबांना जाऊ दिलं नाही. आरोपाचं मात्र काय झालं? त्याची शहानिशा पक्षाच्या कुठल्याही बैठकीत मतदानाने झाली नाही.

आपल्याकडे आव्हान देणाऱ्याची भाषाही ठरलेली असते. राज ठाकरे २००५ च्या नोव्हेंबरमध्ये शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा विठ्ठल आणि त्याच्याभोवतीचे बडवे, अशी मांडणी त्यांनी केली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेल्या एका आमदाराच्या पत्रातही बडवे होते. ५ जुलै २०२३ ला वांद्र्यातल्या सभेत छगन भुजबळ पवारांबद्दल बोलले, तेव्हाही विठ्ठल आला आणि बडवे आले. एवढ्या मोठमोठ्या माणसांना ‘नेत्याचं धोरण मला पटत नाही, मला त्यांच्या जागी उभं राहायचं आहे’ असं सरळ म्हणता येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोष कायम आजूबाजूच्यांचा. देवाला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून मग देवळाबाहेर पडून दुसरं देऊळ बांधायचं.

यात कायद्याचाही वाटा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय सुरत-गुवाहाटीचा अर्थ लागत नाही. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. ‘आयाराम गयाराम’ थांबवणं हा तिचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होतं. डिसेंबर १९९१ मध्ये भुजबळांनी शिवसेना सोडली ती याच तरतुदीच्या आधाराने. पुढे २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट काढून टाकली आणि उरला तो दोन तृतीयांश आमदारांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन होण्याचा मार्ग.

आता एखाद्या आमदाराच्या जागी बसून पाहा. त्याला नेत्याचं एखादं पाऊल पटलेलं नाही. सभागृहात व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश, मोडला तर आमदारकी धोक्यात. बाहेर जाहीर विरोध केला तर ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडलं’ असा अर्थ काढून अपात्रतेचा अर्ज दाखल होऊ शकतो. पक्षाच्या बैठकीत हात वर केला तर पुढचं तिकीट गेलं. एकट्याने, उघडपणे, थोडंसं असहमत होण्याची सोयच नाही. असहमती दाखवायची तर ती एकदम मोठी, गुपचूप आणि रातोरात. मग बस लागते, विमान लागतं, हॉटेल लागतं, मोबाइल बंद ठेवावे लागतात. २० जून २०२२ च्या रात्री विधान परिषदेचे निकाल लागत होते आणि आमदार सुरतच्या वाटेवर होते. त्या आमदारांना कुणी गद्दार म्हणतं, कुणी उठाव करणारे म्हणतं. कायदा आणि पक्षाची रचना अशीच राहिली, तर उद्या कुठल्याही पक्षात नेत्याला विरोध करणाऱ्याला हीच वाट धरावी लागेल.

फूट पडल्यावर पुढचा प्रश्न येतो, की पक्ष नेमका कुणाचा? शिवसेनेची रचना मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. गटप्रमुख, उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख, उपविभागप्रमुख, विभागप्रमुख. संध्याकाळी शाखेत गेलात की बाकावर चार माणसं बसलेली असतात. कुणाच्या चाळीत पाणी कमी दाबाने येतंय, कुणाला केईएममध्ये खाट हवी आहे, कुणाच्या मुलीचा अकरावीचा प्रवेश अडलाय. शाखाप्रमुख लेटरहेडवर चार ओळी लिहितो, फोन लावतो. बाहेरच्या फळ्यावर रक्तदान शिबिराची नाहीतर वह्यावाटपाची सूचना खडूने लिहिलेली असते. दादर, परळ, लालबाग, गिरगावात हा पक्ष असा उभा राहिला, आमदार नंतर आले.

पण हा शाखाप्रमुख निवडून येत नाही, तो नेमला जातो. विभागप्रमुखही नेमलेलाच. निष्ठेची साखळी वरून खाली पक्की. खालून वर मत जायला वाट नाही. शांततेच्या काळात हे कुणाला खुपत नाही, कामं झटपट होतात. ते अंगाशी आलं २०२२ मध्ये. दोन्ही बाजूंनी कार्यकर्त्यांकडून प्रतिज्ञापत्रं भरून घेतली. वयस्कर गटप्रमुख स्टॅम्प पेपर घेऊन नोटरीसमोर रांगेत उभे राहिले, आधारची प्रत जोडली, सही केली, अंगठे उठवले. गठ्ठेच्या गठ्ठे दिल्लीला निवडणूक आयोगाकडे गेले.

१७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाचा आदेश आला. पक्षाची २०१८ ची घटना, म्हणजे पक्षाची नियमावली, लोकशाहीला धरून नाही, असं आयोगाने म्हटलं. पदाधिकारी वरून नेमलेले असल्यामुळे संघटनेतलं बहुमत मोजण्यावर आयोगाला भिस्त ठेवता आली नाही. मग मोजले गेले ते लोकप्रतिनिधी. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार एकनाथ शिंदे यांच्या बाजूने होते, म्हणून नाव आणि धनुष्यबाण त्यांना मिळाला. वर्षभराने, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला गेलं, तेही लोकप्रतिनिधींच्या संख्येवरच. त्याही पक्षात संघटनेतलं बहुमत ठरवायला विश्वासार्ह आधार आयोगाला सापडला नाही. नोटरीसमोर उभ्या राहिलेल्या गटप्रमुखाची सही कुठल्याच हिशेबात धरली गेली नाही. तो शिंदेंच्या बाजूचा असो की ठाकरेंच्या.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. आयोगाच्या निकालावर टीका करणारे आहेत, समर्थन करणारे आहेत, दोघांकडे मुद्दे आहेत. पण सदस्यांची खरी यादी आणि निवडून आलेले पदाधिकारी पक्षाकडे असते, तर मोजायला आमदारांपलीकडेही माणसं असती. काँग्रेस १९६९ मध्ये फुटली तेव्हा तसं झालं होतं. इंदिरा गांधींच्या बाजूच्या काँग्रेसचं अधिवेशन त्या डिसेंबरात इथे मुंबईतच भरलं होतं. चिन्हाचा वाद आयोगापुढे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७१ च्या सादिक अली खटल्यात बहुमताची कसोटी मान्य झाली, पण तेव्हा खासदार-आमदारांबरोबर अखिल भारतीय काँग्रेस समितीचे सदस्य आणि प्रतिनिधीही मोजले गेले होते. मोजता आले, कारण यादी होती.

शिवसेनेच्या फुटीवरच्या ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली, की पक्षाचा आदेश काढणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नाही, मूळ राजकीय पक्षाचा आहे. म्हणजे आमदारांचा गट म्हणजे पक्ष नव्हे. तत्त्व म्हणून हे मला पूर्ण पटतं. पण मूळ पक्ष म्हणजे नक्की कोण? तो सदस्यांमध्ये कुठे दिसलाच नाही, तर न्यायालयाने तरी तो शोधायचा कुठे?

लंडनमध्ये २०१६ च्या जूनमध्ये मजूर पक्षाच्या खासदारांनी आपले नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर अविश्वास दाखवला, १७२ विरुद्ध ४० मतांनी. आपल्या हिशेबाने पक्ष हातातून गेला. तिथे तो गेला नाही. सप्टेंबरमध्ये सदस्यांचं मतदान झालं आणि कॉर्बिन सुमारे ६२ टक्के मतांनी पुन्हा नेते झाले. तिथल्या हुजूर पक्षात १५ टक्के खासदारांनी पत्रं दिली की नेत्यावर गुप्त मतदान घ्यावंच लागायचं. ६ जून २०२२ ला तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावर तसं मतदान झालं. २११ त्यांच्या बाजूने, १४८ विरोधात. त्याच संध्याकाळी आकडे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी सगळे एकाच पक्षाचे खासदार म्हणून सभागृहात होते. महिन्याभरात जॉन्सन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं, पण पक्षाचं नाव, चिन्ह, कार्यालय यावर कुणी दावा सांगितला नाही.

परदेशातलं इथे कसं चालेल, असं कुणी म्हणेल. मग दादरच्या टिळक भवनात, प्रदेश काँग्रेसच्या कार्यालयात चला. १७ ऑक्टोबर २०२२ ला काँग्रेस अध्यक्षपदासाठी तिथे महाराष्ट्रातल्या प्रतिनिधींनी मतदान केलं. मल्लिकार्जुन खर्गे यांना देशभरातून ७,८९७ मतं मिळाली, शशी थरूर यांना १,०७२. सामना समान नव्हता, हे मी मान्य करतो. प्रतिनिधींच्या याद्यांमध्ये अनेकांचे संपर्क क्रमांकच नाहीत, अशी थरूर यांची तक्रार होती आणि ती गंभीर होती. यादी एका उमेदवाराला उपयोगी आणि दुसऱ्याला निरुपयोगी असेल तर ती निवडणूक अर्धीच. पण हरलेल्या थरूर यांना पक्ष सोडावा लागला नाही. पुढच्या वर्षी ते कार्यसमितीत होते. शरद पवार स्वतः १९९७ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सीताराम केसरी यांच्याविरुद्ध उभे राहिले होते. ६,२२४ विरुद्ध ८८२ असे आपटले, आणि पुढच्याच वर्षी लोकसभेत काँग्रेसचे नेते झाले. उघड लढून हरलेल्याला पक्षात जागा राहते, हे त्यांनी अनुभवलेलं होतं. म्हणून २०२३ च्या मे महिन्यात, त्यांच्याच पक्षात, तशी निवडणूक झाली असती तर किती बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

अंतर्गत निवडणुकांमध्ये घोळ होतात, हे खरंच आहे. बोगस सदस्य नोंदवले जातात, एकाच्या खिशातून शंभर जणांची वर्गणी भरली जाते. जिल्हा पातळीवर काम केलेल्या कुणालाही विचारा. म्हणून निवडणूक नकोच, हे उत्तर मला मान्य नाही. नगरपालिकेच्या मतदार यादीतही घोळ असतात. आपण यादी दुरुस्त करायला सांगतो, मतदान बंद करायला सांगत नाही.

विधी आयोगाने १९९९ च्या १७०व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्यानेच सक्तीची करावी, अशी शिफारस केली होती. २०१५ च्या २५५व्या अहवालात ती पुन्हा आली. आजही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते, पण एकदा नोंदलेल्या पक्षाने आपली निवडणूक नीट घेतली नाही म्हणून त्याची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. सर्वोच्च न्यायालयानेच २००२ मध्ये ते सांगितलं आहे. बदल संसदेतून यायला हवा, आणि संसदेत बसलेत ते याच पक्षांचे लोक. म्हणून मी त्याची वाट पाहत बसायला सांगणार नाही.

आता बोलतो ते थेट तुमच्यापैकी जे कुठल्या ना कुठल्या पक्षाचे सदस्य आहेत त्यांच्याशी. कुठल्या, याने फरक पडत नाही. पुढच्या वेळी सदस्यनोंदणीचं पुस्तक घेऊन कुणी तुमच्या चाळीत, सोसायटीत, वस्तीत येईल, तेव्हा पावती घ्या आणि तीवरचा क्रमांक जपून ठेवा. आमच्या वॉर्डाची सदस्ययादी कुठे पाहायला मिळेल, ते विचारा. शाखाध्यक्ष, वॉर्डाध्यक्ष, जो कोणी असेल, त्याची निवडणूक शेवटची कधी झाली आणि त्यात मत कुणी दिलं, तेही विचारा. पक्षाची घटना मराठीत मागा. नेत्याविरुद्ध उभं राहायचं असेल तर किती सह्या लागतात, ते तिच्यात कुठल्या पानावर लिहिलंय, ते दाखवायला सांगा. तसं पान नसेल, तर पुढच्या बैठकीत ते घालायचा ठराव मांडा आणि त्यावर मतदान मागा.

नमस्कार.