बैलाचा हिशेब घोड्याला लावू नका

(नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेआधी घोडामालकांपुढे झालेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, आपल्याकडे घोडा बहुतेक बैलांच्याच गोठ्यात वाढतो. दावणीला तोच कडबा, टोपल्यात तीच पेंड, आजारी पडला तर औषध पाजायची तीच बांबूची नळी. घोड्याचे निम्मे आजार इथूनच सुरू होतात.

बैल भराभर गिळतो आणि निवांत बसून रवंथ करतो. घोड्याला रवंथ नाही. त्याचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं आणि गिळलेलं उलटून टाकायची सोय त्याला निसर्गानं दिलेलीच नाही. जास्त झालं, सडकं गेलं, तर ते पुढंच सरकणार, नाहीतर जठर फुटणार. शिवाय त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, म्हणून सकाळी एकदा आणि रात्री एकदा अशी बैलाची वेळ त्याला मानवत नाही. थोडं थोडं, दिवसभर, हीच त्याची रीत.

तीनशे किलोच्या घोड्याला रोज साडेचार ते सहा किलो वाळलेली वैरण लागते. मारवेल किंवा पवन्याचं गवत उत्तम. कडबा द्यायचाच तर कुट्टी करून, झटकून, बुरशीचा वास घेऊन द्या. त्यासोबत पाणी कमी पडलं की कडब्याचा गोळा आतड्यात अडकतो. हिवाळ्यात हे जास्त होतं, कारण गार पाणी घोडा कमी पितो. रोज पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी समोर हवं आणि तीस ग्रॅम मीठ. हरभरा भिजवलेला, एका वेळी किलो-सव्वा किलोच्या वर नको. वराती मिळाल्या म्हणून एकदम दाणा वाढवला, की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि त्याचा मार थेट खुरांवर बसतो. खूर गरम, घोडा पुढच्या पायांवर वजन टाकेना, अशी अवस्था होते. खुराक बदलायचा तर सात ते दहा दिवस घेऊन बदला.

दोन गोष्टी मात्र अजिबात नाहीत. पहिली, हिरवी कोवळी ज्वारी. जनावरांना किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होते, हे आपल्याला माहीतच आहे. घोड्याचं नुकसान वेगळ्या वाटेनं होतं. अशी ज्वारी आठवडे-महिने चरत राहिला तर मागचे पाय लटपटतात, लघवी थेंबथेंब गळत राहते आणि ते बहुधा भरून येत नाही. दुसरी, कोंबडीखाद्य. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. कोंबडीला ते पचतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यानं मरतात. स्वस्त मिळालं म्हणून ओंजळभरही टाकू नका. गाईगुरांच्या तयार खाद्याच्या पोत्यावरही हे नाव आहे का, ते आधी वाचा.

आता पोटदुखी. घोडा पुढच्या पायानं जमीन खरवडतो, वळून कुशीकडं बघतो, वरचा ओठ उचलतो, लोळतो, लीद टाकत नाही. लगेच दाणा-वैरण काढून घ्या आणि नाडी मोजा. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला दोन बोटं ठेवली की दोरीसारखी शीर सरकताना लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. निवांत घोड्याची नाडी २८ ते ४४, श्वास मिनिटाला ८ ते १६, अंगाचं तापमान ९९.५ ते १०१ फॅरनहाइट. नाडी साठच्या वर गेली तर एक मिनिट वाया घालवू नका, डॉक्टरांना फोन करा. तोवर दहा मिनिटं हळू फिरवायला हरकत नाही, तासभर दौडवण्यात अर्थ नाही. आणि बांबूच्या नळीनं तेल, ताक, काढा, काहीही ओतायचं नाही. ते फुफ्फुसात उतरतं आणि पोटदुखीतून वाचलेला घोडा न्यूमोनियानं जातो. तेल द्यायचंच तर डॉक्टर नाकातून नळी घालून थेट जठरात सोडतात. नाडी, श्वास, तापमान हे आकडे धडधाकट दिवशी मोजून गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. आजारपणात तुलना कशाशी करणार?

खुरांचं थोडक्यात: रोज खरारा करताना खुरातली घाण काढा, काळा दुर्गंधी चिखल म्हणजे सडका खूर. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी हवाच.

खिळा लागला की धनुर्वात, त्यात घोडा सगळ्या जनावरांत नाजूक. लशीचे दोन डोस चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं, मग वर्षाला एक. पावसाळ्यानंतर खाऊनही वाळत चाललेला, अधूनमधून ताप येणारा, पाय आणि पोटाखाली सुजलेला घोडा दिसला तर सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार, समजून रक्त तपासा. तो गोमाश्यांमुळं पसरतो.

जंताच्या औषधाला वजन अंदाजानं धरू नका. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १५५, लांबी १४५ असेल तर वजन सुमारे २९३ किलो येतं.

यात्रेला निघण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून घ्या. नाकातून चिकट पू, नाकात फोड, पायावर गाठींची माळ ही लक्षणं. तो माणसालाही होतो आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याप्रमाणं तो कळवावाच लागतो. संशयित घोडा वेगळा बांधा, त्याचा तोबरा, बादली, खरारा दुसऱ्याला वापरू नका. माळेगावात शंभर घोड्यांचं तोंड लागलेल्या हौदावर पाणी पाजण्यापेक्षा आपली बादली आपल्यासोबत न्या.