काठ्या झालेली जास्वंद पुन्हा भरगच्च कशी करायची

श्रोतेहो, नमस्कार. कोपऱ्यातल्या कुंडीत दोन-तीन उंच काठ्या, खालचं खोड उघडं, शेंड्याला मोजकी पानं आणि फूल कधीतरी एखादं. दुर्लक्षित जास्वंद बहुधा अशीच दिसते. अशा झाडाला उपाशी समजून लोक खत घालतात, आणि काठ्या आणखी वर जातात.

जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात. जुन्या उघड्या फांदीवर कळी धरत नाही. फांदीचा शेंडा वाढत असतो तोवर खालचे डोळे, म्हणजे पानाच्या बेचक्यातले न फुटलेले कोंब, झोपलेले राहतात. शेंडा कापला की खालचे दोन-तीन डोळे फुटतात, म्हणजे तितक्याच नव्या फांद्या आणि फुलांना तितक्या जास्त जागा. या झाडाला खताआधी कात्री हवी असते ती त्यासाठी.

आधी झाड जिवंत आहे का ते पाहा. नखाने साल हलकी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं निघालं तर हिरवं दिसेपर्यंत खाली खाली तपासत या. मग कुंडीत पाणी घाला. घातलेलं पाणी लगेच तळातून वाहून गेलं तर समजा की माती आक्रसून कडेपासून सुटली आहे. वरून रोज पाणी घालूनही आतला मुळांचा गोळा कोरडाच राहिलेला असतो. अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा आणि निथळू द्या.

छाटणी झाड वाढीला लागलेलं असताना करायची. कडाक्याच्या थंडीत किंवा ऐन उन्हाच्या तडाख्यात कात्री लावू नका. कात्रीला धार हवी, आणि पाती स्पिरिटने पुसून घ्या. झाड धट्टंकट्टं असेल तर सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा. मरगळलेलं असेल तर आज एक तृतीयांश फांद्याच कापा, त्या फुटल्या की तीन-चार आठवड्यांनी पुढच्या. एकदम सगळी पानं काढली तर अशक्त झाडाकडे फुटायला बळ उरत नाही.

काप कुठे द्यायचा, इथे बहुतेकांचा हात चुकतो. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडा आणि त्याच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर, तिरका काप द्या. जास्त वर कापलं तर उरलेला खुंट वाळतो आणि वाळवण खाली उतरते. अगदी चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. आतल्या बाजूच्या डोळ्यावर कापलं तर फांद्या मध्ये घुसून गर्दी करतात. सगळ्या फांद्या एका उंचीवर कापू नका. मधली थोडी उंच, कडेच्या बुटक्या, म्हणजे फुलं खालपासून वरपर्यंत येतात.

आता मुळं. धट्ट्याकट्ट्या झाडाची मुळं त्याच दिवशी साफ करता येतात. अशक्त झाडाची मात्र नवी पालवी येईपर्यंत तशीच राहू द्या. कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा. कडेने गोल गोल फिरलेली मुळं आणि तळाची चटई कापून टाका, एकूण गोळ्याचा पाव भाग गेला तरी चालतो. वर छाटणी झालेली असल्याने हा हिशेब जुळतो. पालवी तशीच ठेवून फक्त मुळं कापलीत तर पानं माना टाकतात.

मिश्रण असं: दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू, आणि मूठभर निंबोळी पेंड. तळाला खडे भरण्याची सवय सोडा. त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर खापरीचा तुकडा पुरे. तीच कुंडी वापरा, किंवा फार तर दोन इंच मोठी. अवाढव्य कुंडीतली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात.

पुढचे 10 ते 15 दिवस कुंडी सावलीत, उजेडाच्या जागी ठेवा. छाटलेल्या झाडाला पानं कमी, म्हणून पाणीही कमी लागतं. वरचा इंचभर थर कोरडा झाल्यावरच पाणी द्या. या टप्प्यावर झाडं मरतात ती बहुधा मायेने जास्त पाणी घातल्याने. खतही नव्या फुटीला तीन-चार पानं आल्यावरच. फुलांसाठी म्हणून हाडांचा चुरा सारखा घालू नका. त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर असतं आणि जास्वंदीला ते जादा झालेलं मानवत नाही. त्यामुळे लोह उचललं जात नाही आणि कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या असं दिसू लागतं. पुडीवरच्या तीन आकड्यांतला मधला, म्हणजे स्फुरदाचा, आकडा सर्वांत लहान असलेलं खत निवडा.

फुटी सहा इंचांच्या झाल्या की टोकाचा अर्धा इंच बोटांनी खुडा. नव्याने फुटलेल्या फांद्या तेवढ्याच लांब झाल्या की आणखी एकदा. मग थांबा, कारण प्रत्येक खुडणीने फूल काही आठवडे लांबतं. झाड भरलं की ते रोज पाच-सहा तास उन्हात हवं. सावलीतली पेरं लांबतात आणि सगळी मेहनत वाया जाते. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नका आणि माती पार सुकू देऊ नका, नाहीतर कळ्या गळतात.

बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. फांदीवर मुंग्यांची रांग हा त्याचा पहिला सुगावा, कारण त्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याची राखण करतात. आधी पाण्याच्या जोरदार धारेने पुंजके उडवा. मग 5 मिली निंबोळी तेलात 1 ते 2 मिली सौम्य द्रव साबण कालवून 1 लिटर पाण्यात मिसळा, आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. आधी दोन-तीन पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहा, काही झाडांची पानं साबणाने करपतात. फवारणी दर आठवड्याला, तीनदा. वेडेवाकडे झालेले शेंडे कापून बंद पिशवीत भरून टाका. खताच्या ढिगावर टाकलेत तर कीड तिथून परत चढते.