कोळंबीसारखी ऑक्टोपसची शेती का होत नाही?

नमस्कार मंडळी! मागे दिसतंय ते रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. ट्रॉलरच्या मालात माकुळासोबत ऑक्टोपसही येतो, आणि तो बघितला की कुणीतरी विचारतंच, "खाडीला कोळंबीचे तलाव चालतात, मग ह्याचे का नाही?"

अंडी मिळत नाहीत असं कुणाला वाटत असेल, तर तसं अजिबात नाही. जगात सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो 'ऑक्टोपस वल्गॅरिस' या जातीचा. त्याच्या मादीला टाकीत आडवं मडकं द्या, ती आतून अंड्यांच्या माळा लावते. एकेक अंडं तांदळाच्या कणीएवढं, आणि अशी लाख ते पाच लाख! मग बाईसाहेब खाणंपिणं सोडून त्यांच्यावर पाणी फुंकत, हातांवरच्या चूषकांनी, म्हणजे चिकटणाऱ्या वाट्यांनी, ती साफ करत बसतात. पिल्लं फुटली की स्वतः संपतात. हा सगळा डोळ्यांजवळच्या ऑप्टिक ग्रंथीचा कारभार. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की या संशोधकांनी अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या त्या ग्रंथीच काढल्या, तर माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या आणि कितीतरी जास्त जगल्या.

खरी गोची पुढेच आहे. पिल्लू जेमतेम तीन मिलिमीटरचं. आठ हात, पण एकेका हातावर चूषक फक्त तीन! तळाला बसत नाही, महिना-दोन महिने पाण्यात तरंगतं आणि डोळ्यांनी हेरून शिकार पकडतं. म्हणजे खाणं हलतं, जिवंत हवं. कोळंबीच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करायच्या जागी, आर्टेमिया या बारीक जिवंत खाद्यावर काम भागतं. इथे पिल्लं आर्टेमिया खातात, पण त्यात डीएचए हे मेदाम्ल जवळपास नसतंच, म्हणून पटापट मरतात. कुर्ल्यांची नुकती फुटलेली पिल्लं घातली तर तगतात. पण रोज ताजी, तीही ढिगाने आणायची कुठून? एका हॅचरीसाठी दुसरी हॅचरी! स्पेनच्या नुएवा पेस्कानोवा कंपनीने टाकीतच पिढी पुढे नेल्याचं जाहीर केलं, ते २०१९ मध्ये. इतकी वर्षं गेली त्यात.

आता मेक्सिकोच्या युकातानचा 'ऑक्टोपस माया' बघा. अंडी मोजकी, पण एकेक सेंटीमीटरहून मोठं. पिल्लू बाहेर येतं तेच तयार ऑक्टोपस होऊन, थेट तळाला, आणि कालवलेली लगदीसुद्धा खातं. अंडं मोठं, म्हणून तरंगायची भानगडच नाही.

म्हणून जाळ्यात कधी अंड्यांवर बसलेली मादी आली, तर तिचं वजन नंतर करा. आधी एक अंडं पट्टीवर ठेवून मोजा.