रक्ताला उजेड दाखवताना

नमस्कार, श्रोतेहो.

मध्यंतरी ओळखीच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या भावाच्या पायाला जखम, महिना झाला तरी भरेना. कुणीतरी सांगितलं, थोडं रक्त काढायचं, त्यावर अतिनील प्रकाश टाकायचा, परत चढवायचं, जंतू खलास. दहा वेळा करायचं, पैसे आगाऊ. "डॉक्टर, असं खरंच असतं का हो?"

पटकन 'नाही' म्हणवेना, कारण यातला थोडा भाग खरा आहे.

प्रकाशाने जंतू मरतात, हे इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखवलं. उन्हात ठेवलेल्या नळ्यांतला द्रव स्वच्छ राहिला, अंधारातला गढूळ झाला. पुढे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केले आणि १९०३ चं नोबेल मिळवलं. पण त्वचा पडली बाहेर. रक्ताचं काय?

अमेरिकेत सिएटलच्या एमेट नॉट यांना वाटलं, रक्तच बाहेर आणू. त्यांनी यंत्र बनवलं, १९२८ मध्ये पेटंट घेतलं. क्वार्ट्झची खिडकी असलेल्या छोट्या डबीतून रक्त वाहायचं आणि समोर पाऱ्याचा दिवा. काच नको, कारण साधी काच हे किरण अडवते. आधी प्रयोग झाले कुत्र्यांवर. रक्तात जंतू सोडले, मग सगळंच रक्त दिव्यासमोरून फिरवलं. जंतू गेले, आणि काही दिवसांत कुत्रीही गेली! मग मात्रा उतरवत उतरवत माणसासाठी ठरली किलोमागे साधारण सव्वातीन मिलिलिटर. म्हणजे साठ किलोच्या माणसाचं जेमतेम दोनशे मिलिलिटर रक्त. अंगात असतं साडेचार-पाच लिटर. उरलेल्या रक्तातले जंतू कोण मारणार? समर्थकांचं उत्तर असं की त्या थोड्या रक्तामुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. असेलही, पण ते सिद्ध करावं लागतं.

चाळीसच्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. जॉर्ज माइली यांनी बरे झालेल्या रुग्णांचे अहवाल छापले. वाचताना माणूस भारावतो. पण तसेच आजारी, प्रकाश न दिलेले रुग्ण शेजारी ठेवून तुलना केलेली नाही. तोवर पेनिसिलिन आलं. १९५२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ६८ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात उपयोग दिसला नाही. रशिया-जर्मनीत मात्र ही पद्धत टिकून राहिली.

कधी रक्तपेढीत गेलात तर तांबड्या पेशींची पिशवी दिव्यासमोर धरून बघा. पलीकडचं काही दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची ही गत, तर जंतू मारणारे अतिनील किरण रक्तात मिलिमीटरभरही आत जात नाहीत. आता शेजारची प्लेटलेट्सची पिशवी धरा. पेंढ्यासारखी पिवळसर, हलवली की आत धुरासारखी वलयं फिरतात. हिच्यातून उजेड जातो. ही ठेवतात वीस ते चोवीस अंशांवर, सतत डोलणाऱ्या ट्रेवर, म्हणून जंतूंचं फावतं. तिथे विशिष्ट रसायन घालून अतिनील प्रकाशाने जंतू निकामी करण्याची पद्धत अनेक देशांत रुळली आहे. म्हणजे उपचार पिशवीवर, रुग्णावर नव्हे.

दुसरा खरा उपयोग एका प्रकारच्या त्वचेच्या कर्करोगात. पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून, सोरालेन हे प्रकाशात काम करणारं औषध घालून, प्रकाश देऊन परत सोडतात. अमेरिकेत १९८८ मध्ये याला मान्यता मिळाली. सोरालेन हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे? आपल्या बावचीच्या लॅटिन नावावरून! कोडावर बावची लावून उन्हात बसवणारे जुने वैद्य त्याच वाटेने चालले होते. पण यातला कुठलाच उपयोग जखमेतल्या जंतूंसाठी नाही.

त्या बाईंना मी उलट एकच विचारलं, "भावाची साखर तपासली का?"

तपासली नव्हती. दुसऱ्या दिवशी तपासली, जेवणानंतरची तीनशे चाळीस निघाली.